‘सायलेन्स’ म्हणजे नक्की काय ?

इंग्रजी भाषेंतील जे शब्द आपल्या घरांत विचारल्यावांचून शिरले आणि थेट माजघरापर्यंत जाऊन बसले, त्यांत ‘सायलेन्स’ हा एक आहे. इस्पितळाच्या भिंतीवर तो आहे, वाचनालयाच्या टेबलावर आहे, शाळेच्या फाटकाशेजारच्या पाटीवर आहे, मोटारसायकलच्या नळकांड्याच्या नांवांत आहे, आणि हल्लीं तर प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांतही आहे. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तो समजतो. पण प्रत्येकाला निराळा समजतो. शब्द एक आणि अर्थ पांचपंचवीस, अशी स्थिति भाषेंत नेहमींच असते, व तिनें सहसा कोणाचें बिघडत नाहीं. परंतु ह्या एका शब्दाच्या अर्थाचा निकाल लावून घेण्यासाठीं ठाण्याच्या एका डॉक्टरांना मुंबईच्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तेथून तो वाद दिल्लीपर्यंत पोंचला. तेव्हां ह्या शब्दाची थोडी चौकशी करणें हा केवळ भाषेचा छंद नव्हे. ज्या घरांत अंथरुणाला खिळलेलें वडील माणूस आहे, परीक्षेला बसलेला विद्यार्थी आहे किंवा पाळण्यांत तान्हें मूल आहे, त्या प्रत्येक घराचा हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

प्रथम ह्या शब्दाचें कूळ पाहूं. लॅटिन भाषेंत ह्या अर्थाचीं दोन क्रियापदें होतीं. एक मुख्यत्वें माणसाचें. बोलतां येत असूनही न बोलणें, हा त्याचा भाव. दुसरें रात्रीला, वाऱ्याला, अरण्यालाही लागूं पडे. आवाज नसणें, हा त्याचा भाव. इंग्रजीनें ‘सायलेन्स’ हा शब्द ह्या दुसऱ्या क्रियापदाच्या घराण्यांतून आणला, आणि पहिल्याचें कामही बहुतांशीं त्याच्याच गळ्यांत अडकविलें. त्यामुळें झाडाचें पान न हालणारी मध्यरात्र, समाधि लावून बसलेला योगी आणि धाकानें तोंड न उघडणारी सून, ह्या तिघांनाही इंग्रजींत एकच विशेषण मिळूं शकतें.

मराठीची तऱ्हा अगदीं उलट. आपल्याकडे ‘शांतता’ म्हणजे गोंगाट नसणें. ‘मौन’ म्हणजे आपण होऊन वाणीला घातलेला आवर. मुनीचें जें शील तें मौन, म्हणूनच तो शब्द ‘मुनि’ पासून झाला. ‘स्तब्धता’ म्हणजे वाणीबरोबर शरीरालाही थांबविणें. ‘स्तब्ध’ आणि ‘स्तंभ’ एकाच धातूचीं लेकरें आहेत, म्हणजे खांबासारखा जो उभा तो स्तब्ध. ‘मूक’ तो, कीं ज्याला बोलतां येत नाहीं, किंवा ज्याला कोणी बोलूं देत नाहीं. आणि ‘गप्प’ तो, कीं ज्याच्या मनांत बोलावयाचें पुष्कळ असतें, पण भीति, भीड किंवा राग त्याच्या ओठावर हात ठेवतो. ह्याखेरीज रस्त्यावरची सामसूम निराळी, बाजारांतला शुकशुकाट निराळा, गुरुजी दारांत दिसतांच चिडीचूप होणारा वर्ग निराळा, आणि पोराबाळांची अळीमिळी गुपचिळी तर सर्वांहून निराळी. इतकें धान्य पदरीं असतां आपण ‘सायलेन्स’ ह्या एकाच मापानें तें मोजूं लागलों, आणि मापांत काय आलें व काय सांडलें ह्याकडे आपलें लक्ष राहिलें नाहीं.

ह्यांपैकीं मौनाचा आपल्या घरांशीं जुना संबंध आहे. जेवतांना बोलूं नये ही जुन्या पंक्तींतली रीत, पौषांतील अमावास्येला मिळालेलें ‘मौनी’ हें नांव, हीं त्याचींच चिन्हें. गांधीजी दर सोमवारीं मौन पाळीत, आणि अगदींच अडलें तर कागदाच्या चिठोऱ्यावर उत्तर लिहून देत. ह्या मौनाची खूण अशी कीं त्याची किल्ली ज्याची त्याच्याच कनवटीला असते. केव्हां धरावें आणि केव्हां सोडावें हें त्यानेंच ठरवावयाचें. किल्ली दुसऱ्याच्या हातीं गेली कीं तें मौन राहिलें नाहीं, असें समजावें.

स्तब्धता ही सार्वजनिक आहे. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या सैनिकांसाठीं ११ नोव्हेंबर १९१९ रोजीं ब्रिटिश साम्राज्यांत प्रथम दोन मिनिटें सर्व व्यवहार थांबविण्यांत आले, आणि तेव्हांपासून ही चाल जगभर रूढ झाली. आपल्या देशांत दरवर्षीं ३० जानेवारीस सकाळीं अकरा वाजतां हुतात्म्यांसाठीं दोन मिनिटें उभें राहण्याचा परिपाठ आहे. हीं दोन मिनिटें बाहेरून पाहतां रिकामीं दिसतात. पण शोकसभेंतील तासाभराच्या भाषणांनीं जें साधत नाहीं, तें कित्येकदां त्यांनींच साधतें.

‘मूक’ ह्या शब्दानें मात्र आपल्याकडे पुष्कळ कामें केलीं, आणि त्यांतलीं कांहीं अंगावर कांटा आणणारीं आहेत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत झळकला. इंग्रजी नांवाच्या धर्तीवर त्या जातीच्या चित्रपटांना आपण ‘मूकपट’ म्हणूं लागलों. वस्तुतः ते खेळ निःशब्द कधींच नसत. पडद्यापुढें पेटी-तबला चाले, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्यांचे आवाज थिएटरांत घुमत. मुका होता तो पडदा, माणसें नव्हत. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आणि १९३२ सालीं मराठींत ‘अयोध्येचा राजा’ बोलूं लागला, तेव्हां पडद्याला वाचा फुटली आणि प्रेक्षकांना गप्प बसण्याची शिस्त लावून घ्यावी लागली. एकाला आवाज मिळाला म्हणजे दुसऱ्याला ऐकून घ्यावें लागतें, हा धडा येथेंच पहिल्यानें मिळाला म्हणाना !

पण मूक म्हणजे केवळ पडदा नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईंत पाक्षिक काढलें, त्याचें नांव ‘मूकनायक’. ज्यांना जन्मतः वाचा होती, दुःख होतें, बुद्धि होती, पण ज्यांचें कोणी ऐकतच नव्हतें, त्यांना त्यांनीं मूक म्हटलें. तें मुकेपण निसर्गानें दिलेलें नव्हतें. समाजानें लादलेलें होतें, आणि लादणाऱ्यांत आपल्यासारखीं लिहितींवाचतीं घरें पुढें होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

आणि खुद्द आपल्या घरांत तरी काय होतें ? ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण घ्या. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं पहिलें मूल, आणि तें दहा दिवसांत गेलेलें. स्त्रीनें परपुरुषापुढें आपल्या दुखण्याचा उच्चार करावयाचा नाहीं, मग तो वैद्य असला तरी नाहीं, अशी त्या काळची कुलीनता होती. ह्या न बोलण्यानें किती जीव घेतले त्याचा हिशेब कोणत्याही वहींत नाहीं. ही कोंडी फुटावी तर वैद्यच स्त्री असली पाहिजे, हें आनंदीबाईंनीं ओळखलें. फेब्रुवारी १८८३ मध्यें, वयाचीं अठरा वर्षेंही पुरीं झालेलीं नसतां, त्यांनीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरसभेंत इंग्रजींतून आपण अमेरिकेस कां जातों हें सांगितलें. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या वारल्या. ज्या गोष्टीला घरची मंडळी ‘मर्यादा’ म्हणत होती आणि परका मनुष्य ‘सायलेन्स’ म्हणाला असता, ती वस्तुतः स्त्रियांच्या जिवावर बेतणारी मुकाट सोसणूक होती. नांव चुकलें कीं निदानही चुकतें, तें असें.

निदानावरून आठवण झाली. डॉक्टरांच्या तोंडीं ‘सायलेंट’ हा शब्द हल्लीं अगदीं भयंकर अर्थानें येतो. ‘सायलेंट अटॅक’ म्हणजे हृदयाचा असा झटका, कीं ज्यांत छातींतील ओळखीची कळ येतच नाहीं. मधुमेह पुष्कळ वर्षें मुरला म्हणजे वेदना पोंचविणारे मज्जातंतू निकामी होऊं लागतात, आणि म्हणून अशा रोग्यांत हा प्रकार अधिक आढळतो. शरीर ओरडत नाहीं, म्हणून सर्व ठीक आहे, हा समज येथें प्राणघातक ठरतो. कुटुंबालाही हाच न्याय लावून पाहावा. जो ओरडत नाहीं त्याचें दुखत नाहीं, असें नव्हे.

ह्याच्या जोडीला विनोदी अर्थही आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘सायलेंट’ अक्षरें छळतात. ‘नाइफ’ मधील पहिलें अक्षर लिहावयाचें, पण उच्चारावयाचें नाहीं. मूल विचारतें, मग तें आहे कशाला ? आपणांस हंसूं येतें. पण आपल्या मराठीच्या डोक्यावर असेच मुके अनुस्वार पिढ्यान्पिढ्या बसलेले होते. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं त्यांना निरोप दिला. आमच्यासारखे जुन्या वळणाचे कांहीं लेखक अद्याप ते प्रेमानें वागवितात, हें वाचकांनीं एव्हांना ओळखलें असेलच. मोटारगाडीच्या ‘सायलेन्सर’ची गंमत तर अधिक आहे. एंजिनाचा धडाका दाबावा म्हणून जो जोडला, त्याचेंच पोट पोखरून किंवा तोच काढून कांहीं तरुण रात्रीं दुचाक्या उडवितात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे असें सांगितलें आहे. पण नळी असली म्हणजे शांतता असतेच असें नाहीं, जशी पाटी असली म्हणजे नसते.

कायद्याच्या पुस्तकांत ह्या शब्दाला आणखी एक सूक्ष्म अर्थ आहे, आणि तो प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें विक्रेता नुसता न बोलला एवढ्यानें लबाडी होत नाहीं. आपला घोडा अधू आहे हें ठाऊक असूनही तो लिलावांत कांहींच न बोलतां विकला, तर कायदा त्याला सहसा पकडत नाहीं. पण घेणारी त्याची स्वतःची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर ह्या नात्यामुळेंच त्यानें बोलणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाहीं म्हणालां नाहींत तर घोडा धड आहे असें मी समजेन’, तर त्या वेळचें न बोलणें हें बोलण्याइतकेंच बांधून घेणारें होतें. म्हणजे न बोलण्याचा अर्थ कोण, कोणापुढें, कोणत्या प्रसंगीं बोलला नाहीं ह्यावर ठरतो. ‘मौन म्हणजे संमति’ ही आपली म्हण एवढी सावध नाहीं. स्थळ पाहतांना मुलगी खालीं मान घालून बसली, म्हणून तिचा होकार धरणाऱ्या किती घरांनीं पुढें आयुष्यभर त्याची किंमत दिली असेल ! ती मान मौनाची होती कीं धाकाची, हें विचारण्याची तसदी कोणी घेतली नाहीं एवढेंच.

आतां ठाण्याच्या वादाकडे येऊं. ह्या भागाला वाचनाचें व्यसन जुनें आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. ह्याच १८९३ च्या सुमारास लोकमान्यांच्या प्रेरणेनें गणेशोत्सव घराबाहेर सार्वजनिक मंडपांत आला. एकीकडे वाचनालय, दुसरीकडे उत्सव; दोन्ही आपलींच, आणि दोहोंचें तेव्हां वांकडें नव्हतें. ह्याचें एक कारण अगदीं साधें आहे. तेव्हां ध्वनिवर्धक नव्हता. कीर्तनकाराचा आणि वक्त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचें काम श्रोत्यांची शांतता करी. मंडपांतील माणसें स्तब्ध राहत, म्हणून गाणें ऐकूं येई. यंत्र आलें, आणि श्रोत्यांच्या शांततेची गरज संपली. किंबहुना जो श्रोता नाहीं, जो आपल्या खोलींत दार लावून पडला आहे, त्यालाही सक्तीनें श्रोता करणें शक्य झालें.

२००० सालीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत वस्तीच्या भागांत दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल, आणि ‘सायलेन्स झोन’ म्हणजे शांतताक्षेत्रांत दिवसां ५० व रात्रीं ४० डेसिबेल अशी मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहापासून सकाळच्या सहापर्यंत. हे आंकडे आपल्या नेहमींच्या बेरजेचे नव्हत. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, वीस वाढले तर शंभरपट. रात्रीं ४५ च्या जागीं ८५ भरले असें धरलें, तर तें दुपटीहून थोडें कमी नव्हे, दहा हजार पट झालें. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या विषयावर विस्तृत निर्णय दिला, आणि शांततेनें जगणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्याला ऐकावयाचें नाहीं त्याच्या कानांवर आवाज लादण्याचा हक्क कोणालाही नाहीं, असा त्याचा आशय आहे.

तरीही उत्सवांच्या दिवसांत ठाण्यांतील रस्त्यांवर चालावयाचें तें चालतच राहिलें, म्हणून डॉक्टर महेश बेडेकर यांनीं २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयांत जनहितयाचिका दाखल केली. ऑगस्ट २०१६ मध्यें न्यायमूर्ति अभय ओक व न्यायमूर्ति अमजद सय्यद यांनीं तिचा निकाल दिला. ध्वनिवर्धक लावणें हें कोणत्याही धर्माचें आवश्यक अंग नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट केलें. इस्पितळें, शाळा-महाविद्यालयें आणि न्यायालयें यांच्या सभोंवतीं शंभर मीटरपर्यंतचा टापू शांतताक्षेत्र धरला पाहिजे, अशी त्या निकालाची दिशा होती. परंतु १० ऑगस्ट २०१७ रोजीं केंद्र सरकारनें नियमांत दुरुस्ती करून, राज्य सरकारनें जाहीर केल्याखेरीज कोणताही टापू शांतताक्षेत्र होणार नाहीं असें ठरविलें. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयानें त्या दुरुस्तीला स्थगिति दिली, आणि ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानें त्या स्थगितीलाच स्थगिति दिली.

वाद वरवर सरकारी वाटतो, पण त्याच्या मुळाशीं आपलाच शब्द आहे. रोग्याच्या खाटेभोंवतीं जी शांतता हवी, ती रोगी तेथें आहे म्हणून आपोआप असते, कीं राजपत्रांत छापल्यावर अस्तित्वांत येते ? ‘सायलेन्स’ ही वस्तुस्थितीची गरज आहे, कीं सरकारनें दिलेली पदवी ? शस्त्रक्रिया होऊन पडलेल्या माणसाची झोंप राजपत्राची वाट पाहत नाहीं, एवढें सांगण्यास भाषेचा पंडित लागत नाहीं.

मग आपण काय करावें ? येथें ‘शांतता’ आणि ‘गप्प’ ह्यांतील भेद उपयोगी पडतो. सुशिक्षित घरांची मोठी अडचण ही कीं त्यांना शांतता हवी असते, पण त्यासाठीं गप्प बसणें सोडावयाचें नसतें. उगीच वाईटपणा कोणीं घ्यावा ? मंडळाचीं मुलें ओळखीचीं, वर्गणीला येणारीं. तक्रार केली आणि नांव कळलें तर? ही भीति खोटी आहे असें म्हणवत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानेंच कुर्ला भागांतील एका प्रकरणांत म्हटलें, कीं आवाज असह्य होईपर्यंत लोक सहसा तक्रार करीत नाहींत. आणि तक्रारदाराची ओळख पटवून घेण्याची वाट न पाहतां, व ती कळली तरी उघड न करतां, पोलिसांनीं कारवाई करावी. म्हणजे आपली भीड न्यायालयानेंही ओळखली, आणि तिच्यावर उपाय करून ठेवला. आतां निमित्त उरलें नाहीं.

तक्रारीच्या आधींची पायरी मात्र अधिक शोभेची आहे. उत्सव ठरण्यापूर्वीं सोसायटीच्या सभेंत बोलावें. कोणाच्या घरीं रोगी आहे, कोणाची परीक्षा आहे, हें मंडळाच्या तरुणांना बोलावून सांगावें. आपल्या घरच्या मुंजीलग्नाच्या वरातींत दहानंतर वाजंत्री आपणच थांबवावी, म्हणजे दुसऱ्याला सांगतांना जीभ अडखळत नाहीं. मुलें वाईट नसतात; त्यांना कोणी सांगितलेलें नसतें, इतकेंच.

आणि घरांतही ह्या शब्दाचा हिशेब एकदां तपासून पाहावा. आपलें घर शांत आहे, असें आपण अभिमानानें सांगतों. तें शांत आहे कीं गप्प आहे ? संध्याकाळीं वडिलांचें पाऊल वाजतांच ज्या घरांत बोलणीं थांबतात, तेथें शांतता नसते, धाक असतो. सासूबाई कांहींच मागत नाहींत, हें समाधान आहे कीं मागून उपयोग नाहीं हें त्यांना कळलें आहे ? सून वाद घालीत नाहीं, ही एकी आहे कीं तिनें आशा सोडली आहे ? चारही माणसें आपापल्या यंत्रांत डोकें घालून बसलीं आहेत आणि आवाज मुळींच नाहीं, ह्याला तर कोणता मराठी शब्द लावावा हें आमच्या पूर्वजांनींही ठरवून ठेवलेलें नाहीं.

ह्या सर्व अर्थांना परीक्षा एकच. ज्या शांततेंत प्रत्येकाला हवें तेव्हां बोलतां येतें, तीच खरी शांतता. ज्या शांततेंत एखाद्याला बोलतां येत नाहीं, ती त्याच्या तोंडावर लावलेली पाटी आहे. पहिली मिळविण्यासाठीं घराबाहेर थोडें स्पष्ट बोलावें लागेल, आणि दुसरी काढून टाकण्यासाठीं घरांत थोडें अधिक ऐकावें लागेल.